क्वांटम झेप : एका शब्दाची उलटी वाटचाल

‘क्वांटम झेप’ हा शब्दप्रयोग अग्रलेखांत आणि मंत्र्यांच्या भाषणांत इतका रुळला आहे की त्याचा उगम भौतिकशास्त्रात आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. अर्थ घेतला जातो तो एकाएकी झालेल्या प्रचंड प्रगतीचा. मूळ संकल्पनेत ‘एकाएकी’ आहे. ‘प्रचंड’ मात्र मुळीच नाही.

१४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिन येथे माक्स प्लांक यांनी तप्त वस्तूंच्या प्रारणाची मीमांसा करताना, ऊर्जेची देवघेव ठरावीक वाट्यांनीच होते असे गृहीत धरले. ‘क्वांटम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘किती’ एवढाच. मराठी विश्वकोशाने त्यासाठी ‘पुंज’ ही संज्ञा योजली. (पुंज म्हणजे ढीग, कणभर वाट्याला ढीग म्हणावे, हीही एक गंमतच!) १९१३ मध्ये नील्स बोर यांनी ही कल्पना अणूला लावली. त्यांच्या मते हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन काही नेमक्या कक्षांतच राहू शकतो. पहिल्या कक्षेची त्रिज्या ०.०५३ नॅनोमीटर, दुसरीची तिच्या चौपट. मध्ये थांबण्यास जागाच नाही. झेप ती हीच, मिलिमीटरच्या पन्नास लाखाव्या भागाहूनही लहान.

खुद्द श्रोडिंजर यांना ही उडी कधीच रुचली नाही. अशा उड्या खरोखर असतात काय, असा प्रश्न त्यांनी १९५२ मध्ये एका निबंधाच्या शीर्षकातच विचारला. नेमक्या त्याच दशकात अमेरिकेत अण्वस्त्रांच्या वाढत्या संहारशक्तीविषयी लिहिताना हा शब्द राजकीय गद्यात शिरला आणि सूक्ष्माचे विराट झाले. पुढे तो व्यापारानेही उचलला. १९८४ मध्ये ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीने आपल्या संगणकाचे ‘क्यूएल’ हे नाव यावरूनच ठेवले.

आपल्याकडे याहून नेमका शब्द पूर्वापार होता. सूत्रातील पद मधली सूत्रे वगळून पुढच्या सूत्रात लागू होते, त्याला संस्कृत वैयाकरण ‘मंडूकप्लुती’, म्हणजे बेडूकउडी, म्हणतात. अंतर किती हा तेथे मुद्दाच नाही. मधले वगळले जाणे हाच मुद्दा.

तथापि ते मधलेही आता दिसू लागले आहे. २०१९ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी एका कृत्रिम अणूवर सतत लक्ष ठेवले, तेव्हा उडीची पूर्वसूचना मिळते, ती सुरू झाल्यावर अखंडपणे घडते आणि अर्ध्यावरून परतवताही येते, असे आढळले.

शासकीय सेवेत असताना विकास-अहवालांचे अनेक मसुदे माझ्या नजरेखालून गेले. ‘क्वांटम झेप’ हे शब्द मथळ्यात असत. त्याखालच्या तक्त्यात मात्र विहिरी, शाळा, लसीकरण यांचे आकडे वर्षावर्षाला थोडथोडे चढत गेलेले दिसत. ते गावोगाव पायपीट करून कोणी वाढवले, याचा उल्लेख त्या मथळ्याखाली क्वचितच असे.