प्रकाशमापक आणि पाऱ्याचा घट

जुना कॅमेरा दुरुस्तीसाठी उलगडणे म्हणजे एखाद्या जुन्या दप्तराची गाठ सोडण्यासारखेच आहे. फिल्म परत गुंडाळण्याची कळ, ती पुढे सरकवणारा दांडा आणि काही सूक्ष्म स्क्रू काढले, की वरचे धातूचे आवरण सुटते. आत तारेचे नाजूक वेटोळे, केसासारखी स्प्रिंग आणि तिच्यावर तोललेला काटा दिसतो. हाच प्रकाशमापक. काटा हालेनासा झाला म्हणजे दोष काट्याचाच असेल, असे नाही. पुष्कळदा विद्युत्‌घटाकडून येणारी तांब्याची तार हिरवी पडून कुजलेली आढळते. घटातून पाझरलेल्या क्षाराचा हा परिणाम होय.

पण कॅमेऱ्यात हा घट मुळात आला कसा? बर्झेलियस यांनी १८१७ साली सेलेनियम हे मूलद्रव्य शोधले. पुढे समुद्रातील तारायंत्राच्या केबलींची परीक्षा करताना विलोबी स्मिथ यांना आढळले की, प्रकाश पडताच सेलेनियमचा विद्युत्‌रोध घटतो. हा शोध त्यांनी १८७३ साली प्रसिद्ध केला. १९३२ साली वेस्टन कंपनीचा हातात धरावयाचा प्रकाशमापक बाजारात आला, आणि १९३५ साली झाइस इकॉनच्या कॉन्टाफ्लेक्समध्ये तो कॅमेऱ्याच्या अंगातच बसला. या मापकाच्या सेलेनियमला बाहेरच्या विजेची गरज नव्हती; परंतु मंद उजेडात त्याची शक्ती अपुरी पडे. १९६० नंतरच्या दशकात त्याच्या जागी अधिक संवेदनशील कॅडमियम सल्फाइड आले. त्याला मात्र स्वतंत्र विद्युत्‌घट लागे.

त्यासाठी निवडला गेला तो पाऱ्याचा घट. त्याचा दाब सुमारे १.३५ व्होल्ट, आणि तो जवळजवळ अखेरपर्यंत स्थिर. मापन करणाऱ्यास याहून काय हवे? ऑलिंपसच्या ओएम-१ सारख्या कॅमेऱ्यांची मोजणी या स्थिरतेवरच आधारलेली होती.

ज्या जपानने असे कॅमेरे जगभर पाठविले, त्याच जपानमध्ये मिनामाता येथे १९५६ साली पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद झाली. ते विष कॅमेऱ्याच्या घटातले नव्हते. रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात, माशांत आणि अखेर माणसांत गेलेले होते. तथापि पाऱ्याचे भय जगाला कळले. २०१३ साली त्या गावाच्या नावाने आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१७ साली तो अंमलात आला आणि भारताने २०१८ साली त्यास मान्यता दिली. पाऱ्याचे जुने घट बाजारातून गेले, आणि ते जाणे योग्यच होते.

दुरुस्ती करणाऱ्यापुढे आता खरा प्रश्न उभा राहतो. कुजलेली तार बदलणे सोपे. पण त्या जागी १.५५ व्होल्टचा चांदीचा घट बसविला, तर काटा अधिक उजेड दाखवितो आणि फिल्मवर प्रकाश कमी पडतो. अशा वेळी मंडलात एक लहानसा डायोड घालून जादा दाब उतरवावा लागतो. याउलट १९६४ साली विक्रीस आलेल्या पेन्टॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये एकाच घटावर चालणाऱ्या दोन बाजूंची तुलना करणारे मंडल आहे. घटाचा दाब वाढला तर तो दोन्ही बाजूंस सारखाच वाढतो, आणि काट्याचा समतोल फारसा ढळत नाही. एका रचनाकाराने बाहेरची वस्तू कायम राहील असे धरले. दुसऱ्याने ती बदलली तरी चालेल अशी सोय केली. त्यांपैकी कोण दूरदर्शी ठरला, हे पुढे घट मिळेनासा झाल्यावर कळले.

म्हणून डायोड घालणाऱ्याने एक काम अवश्य करावे. कोणता बदल केला आणि कोणत्या दिवशी, हे बारीक चिठ्ठीवर लिहून ती आवरणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी. पुढे कोणी तो कॅमेरा उघडील, तेव्हा त्याला कोड्यात पडावे लागणार नाही.