नकाशावरील नावे आणि त्यांचा काळ

यादवकालीन महाराष्ट्राचा नकाशा काढताना वर्धा नदीच्या पूर्वेस 'चंद्रपूर' किंवा 'गोंडवन' असे लिहून मोकळे होण्याचा मोह अनेकांस होतो. दोन्ही नावे आपल्याच भूमीची खरी. परंतु त्या काळाच्या नकाशावर ती शोभत नाहीत. जुन्या चोपडीतील खाते नव्या पेढीच्या नावे लिहिले तर हिशेब जुळणार कसा?

राजा रामचंद्राचा पुरुषोत्तमपुरी ताम्रपट शके १२३२, म्हणजे इ.स. १३१० चा. त्यातील विजयवर्णनात 'भांडागार' आणि 'वज्राकर' अशी नावे आढळतात. भांडागार म्हणजे आजचे भंडारा. वज्राकर म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील, आरमोरी तालुक्यातील वैरागड. वज्र म्हणजे हिरा, आकर म्हणजे खाण. हे नाव केवळ काव्यालंकार नव्हे, कारण सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनेही 'आईन-इ-अकबरी'त येथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे. तथापि प्रशस्ती ही राजाची स्तुती असते. तिच्या आधारे गावाचे नाव लिहावे, पण सीमारेषा आखून रंग भरू नये.

'आईन-इ-अकबरी'त गोंड राजाचे चांदाही येते. म्हणून अकबरकालीन नकाशात 'चांदा' हेच नाव योग्य ठरते. १७५१ मध्ये भोसल्यांची सत्ता आली, पुढे इंग्रजांची, तरी 'चांदा' टिकले. 'चंद्रपूर' १९६४ च्या सुमारास रूढ झाले आणि गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. 'झाडी' हे नाव मात्र निराळे. ते कोणत्याही राजाने दिलेले नाही. वनाच्छादित मुलखाला लोकांनी दिलेले ते नाव झाडीबोली आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीत आजही जिवंत आहे. असे नाव नकाशावर सीमेविना, मोकळ्या अक्षरांत पसरून लिहावे.

राहिला आपल्या तीर्थाचा प्रश्न. केसरिया पार्श्वनाथांमुळे भद्रावती हे नाव प्रत्येक जैन घरात आदराने उच्चारले जाते. रेल्वे स्थानकास मात्र भांदक म्हणतात. राष्ट्रकूट कृष्ण प्रथम याचा शके ६९४ चा ताम्रपट येथे सापडला, तोही अभ्यासकांत 'भांदक ताम्रपट' म्हणूनच परिचित आहे. ह्युएन त्संगने वर्णिलेली कोसलची राजधानी हीच, असे काही इंग्रज अभ्यासकांनी सुचविले होते. पुढे छत्तीसगडातील सिरपूरकडे अनेकांचा कल झुकला. म्हणून या स्थळी 'कोसल' लिहावयाचे झाल्यास पुढे प्रश्नचिन्ह द्यावे. त्याने तीर्थाचे माहात्म्य तिळभरही उणे होत नाही. यात्रेकरू येतो तो प्रभूंच्या दर्शनास, राजधानीच्या दाखल्यासाठी नव्हे.