पायांखालची सूर्यमाला

सूर्यमालेचें चित्र नाहीं असें शालेय भूगोलाचें पुस्तक क्वचितच सांपडेल. एका कडेस सूर्याचा तुकडा व त्याच्या शेजारीं दाटीवाटीनें बसलेले आठ ग्रह, हें चित्र आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें असेल. तें खोटें आहे, आणि कागदावर तें खरें काढतांच येत नाहीं, ही गोष्ट मात्र आपणांस सहसा कोणी सांगत नाहीं. पृथ्वी बाजरीच्या दाण्याएवढी, म्हणजे २ मिलिमीटरची काढली, तर तिच्यापासून सूर्य साडेतेवीस मीटरांवर आणि सूर्यापासून नेपच्यून ७०० मीटरांवर काढावा लागेल. एवढा कागद कोणत्या छापखान्यांत मिळणार? आकार राखावा तर अंतर जातें, अंतर राखावें तर ग्रह दिसेनासे होतात. या अडचणींतून माणसानें जी वाट काढली, तिचा इतिहास मनोरंजक आहे.

त्याचा आरंभ आम्ही हॉलंडमधील फ्रॅनेकर या लहानशा गांवापासून करतों. १७७४ च्या मे महिन्यांत बुध, शुक्र, मंगळ, गुरु आणि चंद्र हे आकाशांत एकत्र येणार होते. त्यामुळें पृथ्वी आपल्या कक्षेंतून ढकलली जाईल अशी भीति एका पुस्तिकेनें पसरविली. (१९६२ सालच्या अष्टग्रहीच्या वेळीं आपल्याकडे जीं होमहवनें झालीं, तीं ज्यांस आठवतात त्यांनीं डच लोकांस हंसूं नये.) आइसे आइसिंगा नांवाचा लोकर विंचरण्याचा धंदा करणारा एक गृहस्थ त्या गांवीं होता. लोकांची भीति वादानें जाणार नाहीं हें जाणून त्यानें आपल्या राहत्या घराच्या छतावरच सूर्यमाला बसविली. हें काम १७८१ पर्यंत चाललें. एक मिलिमीटर म्हणजे दहा लक्ष किलोमीटर हें त्याचें प्रमाण. म्हणून शनि सूर्यापासून सुमारें १ मीटर ४३ सेंटिमीटरांवर आहे. लंबकाच्या घड्याळानें हे ग्रह आपापल्या खऱ्या गतीनें फिरतात. शनीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांनीं पुरी होते. ग्रहांचे आकार मात्र त्याला प्रमाणांत ठेवतां आले नाहींत. त्या हिशेबानें पृथ्वी धुळीच्या कणाहूनही लहान झाली असती. काम संपलें त्याच वर्षीं विल्यम हर्शेलनें युरेनस शोधून काढला. त्या छतावर तो नाहीं. हें घर अद्याप उभें असून २०२३ मध्यें युनेस्कोनें त्याचा जागतिक वारशांत समावेश केला.

याच विल्यमचा पुत्र जॉन हर्शेल. त्यानें १८३३ च्या आपल्या ज्योतिषविषयक ग्रंथांत यंत्रांतून फिरणाऱ्या ग्रहमालांस पोरखेळ ठरवून वाचकास सरळ मैदानांत नेलें. दोन फूट व्यासाचा गोळा हा सूर्य. ८२ फुटांवर मोहरीचा दाणा, तो बुध. शुक्र आणि पृथ्वी वाटाण्याएवढे, पैकीं पृथ्वी २१५ फुटांवर. मंगळ टाचणीचें डोकें. गुरु मध्यम संत्र्याएवढा, पण तो जवळजवळ पाव मैलावर. आणि युरेनस चेरीएवढा, पाऊण मैलापलीकडे. आमच्या मतें या विषयावर एवढें उपयुक्त वर्णन दुसरें झालेलें नाहीं. मोहरी आणि वाटाणा कोणत्या घरीं नाहींत? मनाला पटतें तें त्या दाण्यांचें लहानपण नव्हे. त्यांच्यामधलें तें मोकळें मैदान.

ही सूर्यमाला वाटसरूसाठीं जमिनीवर मांडली जाण्यास मात्र पुष्कळ काळ लागला. झुरिकजवळच्या उटलिबर्ग डोंगरावरची ग्रहवाट १९७९ ची आहे. तिचें प्रमाण एक अब्जास एक: सूर्य १ मीटर ३९ सेंटिमीटरांचा, पृथ्वी १३ मिलिमीटरांची व १५० मीटरांवर. प्रकाशास सूर्यापासून पृथ्वीपर्यंत येण्यास ८ मिनिटें २० सेकंद लागतात. येथें सामान्य माणूस तेंच अंतर दोन मिनिटांत चालून जातो. नेपच्यूनपर्यंत साडेचार किलोमीटरांची रपेट करावी लागते. चालून थकलेल्या पायांस जें कळतें तें शून्यें मोजणाऱ्या डोळ्यांस कळत नाहीं. स्वीडननें तर यांत कमालच केली आहे. तेथें स्टॉकहोममधील १९८९ चें ११० मीटर व्यासाचें गोलाकार क्रीडागृह सूर्य मानलें असून प्लूटो सुमारें ३०० किलोमीटर दूर डेल्सबो येथें आहे! तेथें मोटारीनेंच जावें लागेल, म्हणून आम्हांस झुरिकची वाट अधिक सरस वाटते.

या वाटांचें सर्वांत नवें रूप जिओकॅशिंग या खेळांतून निघालें. उपग्रहांच्या साह्यानें स्थान सांगणाऱ्या जी. पी. एस. च्या संकेतांत सामान्य लोकांसाठीं मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकन सरकारनें २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभीं काढून टाकली, आणि ३ मे रोजीं ऑरेगॉनमधील रानांत एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करण्यांत आले. शोधणारानें जावें, सांपडल्यास आंतल्या वहींत नांव लिहावें, एवढाच खेळ. पुढें अशा डब्यांचीच सूर्यमाला मांडण्याची कल्पना निघाली. येथें फलक नाहीं, गोळा दुरून दिसत नाहीं. पहिले चार ग्रह भराभर हातीं लागतात आणि मग गुरूसाठीं चालतच राहावें लागतें. मंगळापलीकडच्या पोकळीचा असा प्रत्यय फलकांच्या वाटेवर येत नाहीं. अर्थात् या सर्व वाटांत एक उणीव राहतेच: ग्रह एका ओळींत उभे आहेत, आणि ते हलत नाहींत. आइसिंगाच्या छतावर गति आहे, ती येथें नाहीं.

प्लूटोस २००६ सालीं ग्रहमंडळांतून वगळलें, तरी जुन्या वाटांच्या टोकाशीं तो उभाच आहे, आणि त्याला कोणी हलवूं नये असें आम्हांस वाटतें. त्याच्याही पलीकडे काय, हा प्रश्न अमेरिकेंतील इथाका येथें विचारला गेला. कार्ल सेगनच्या स्मरणार्थ १९९७ मध्यें तेथें एक वाट मांडण्यांत आली. तिचें प्रमाण पांच अब्जास एक, म्हणून सारे ग्रह गांवांतच आटोपतात. त्याच प्रमाणानें आपल्या सूर्याच्या शेजारचा तारा, मित्र, मांडावयाचा तर ८,००० किलोमीटर जावें लागतें. २०१२ सालीं त्याचा स्तंभ प्रशांत महासागरांत, हवाई बेटावरील हिलो गांवीं, उभा केला गेला.