चाहत्याची ठेवपावती

क्रिकेटवर प्रेम करणाऱ्या माणसाचं नुसतं प्रेम करून भागत नाही. त्या प्रेमाचा काहीतरी पुरावा त्याला खिशात लागतो. पंढरीला गेलेला माणूस बुक्का आणतो, तसा सामना पाहिलेला माणूस तिकिटाचा तुकडा जपून ठेवतो. आम्हा नाचणगावकरांना सामना पाहायचा तर नागपूर गाठावं लागतं, त्यामुळे त्या तुकड्याचीही पंचाईत. म्हणून आम्ही चित्रांवर भागवलं. 'स्पोर्टस्टार'चा अंक पुलगाव स्टेशनवरून आणायचा आणि मधलं पोस्टर काढायचं. खेळाडूच्या नेमक्या पोटात स्टेपलच्या दोन पिना असत. त्या पोट न फाडता काढणं ही शस्त्रक्रिया होती, आणि आमच्या आळीत तिचे दोनच सर्जन होते.

हे वेड आपलंच, असा अभिमान बाळगायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्या सिगारेटी वाकू नयेत म्हणून पाकिटात एक जाड पुठ्ठा घालत. त्यावर चित्र छापलं तर पोरं बापाला अमुकच सिगारेट ओढायला लावतील, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि धंदा सुरू झाला. 1909 च्या सुमारास निघालेल्या अशाच एका मालिकेत होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं कार्ड होतं. त्याने हरकत घेतली आणि छपाई थांबली. जी थोडी कार्डं बाहेर पडली होती, त्यातलं एक 2022 साली साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं.

त्याच वर्षी त्यावरही ताण झाली. मिकी मँटलचं 1952 सालचं एक कार्ड एक कोटी सव्वीस लाख डॉलरला विकलं गेलं. ते काढणाऱ्या टॉप्स कंपनीने त्या वर्षीची न खपलेली कार्डं 1960 मध्ये होडीत भरून समुद्रात नेऊन टाकली होती. ही हकीकत कंपनीतल्याच साय बर्जरने पुढे सांगितली. उरलेली कार्डं घरोघरच्या आयांनी साफसफाईत काढली. वाचकहो, इथे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ही कार्डं मौल्यवान झाली, ती जपणाऱ्यांमुळे जेवढी, तेवढीच फेकणाऱ्यांमुळे!

आपल्याकडे हा योग 1999 साली बिस्किटांतून आला. ब्रिटानियाच्या पुड्यावर धावा छापलेल्या असत. शंभर धावा जमल्या की एक पुस्तिका मिळे, ती खरवडायची आणि नशीब काढायचं. नशीब निघालं तर थेट इंग्लंडला, विश्वचषक पाहायला! त्या उन्हाळ्यात नाचणगावात चहा हे निमित्तमात्र होतं. पाहुणे आले की पोरं बशीकडे न पाहता पुड्याकडे पाहत. इंग्लंडला कोणी गेलं नाही, पण ज्याच्याकडे नव्वद धावा आणि ज्याच्याकडे दहा, त्या दोघांची भांडणं मिटली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

मग 2021 उजाडलं आणि पुठ्ठाच नाहीसा झाला. आयसीसीने सामन्यातले क्षण 'क्रिक्टोज' या नावाने विक्रीला काढले. त्याच वर्षी 'रारिओ' नावाची कंपनी खेळाडूंची डिजिटल कार्डं घेऊन आली, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्सच्या पुढाकाराने तिच्यात बारा कोटी डॉलर ओतले गेले.

ही भानगड समजायला बँकेतला माणूस बरा. मी नोकरीला लागलो तेव्हा लेजरं नुकतीच माळ्यावर चालली होती. ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेलं एक लेजर. आमच्या लेजरात खाडाखोड झाली तर साहेबांची सही लागे. इथे खाडाखोडच होत नाही. फक्त त्या लेजरात असते ती मालकीची नोंद. चित्र बहुधा दुसऱ्याच संगणकावर असतं, आणि सामना दाखवायचा हक्क तिसऱ्याकडे. म्हणजे पावती पक्की, ठेव कुठे आहे ते विचारू नये.

आमच्या शेजारच्या पोराने ट्रॅक्टर चालवून मिळवलेल्या पैशांतले चार हजार घालून एका वेगवान गोलंदाजाचं असं कार्ड घेतलं. त्याच्या आजीने माझ्यादेखत त्याचं ऑडिट केलं.

"कुठी हाय रे थे कार्ड?"

"लेजरमधी हाय, आजी."

"अन् मोबाइल फुटला तं?"

"तरी रायते."

"मंग इकून टाक."

"सध्या कोनी घेऊन नाही रायलं."

"मंग थे हाय का नाही?"

पोराने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमीच सांगा." मी त्याला करनियम सांगितले. अशा मिळकतीच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. नफ्याची काळजी नसल्यामुळे तो बराच सावरला.

2023 च्या एप्रिलमध्ये तर दिल्ली उच्च न्यायालयाने एक मोलाची गोष्ट सांगून टाकली. आमच्या करारातल्या खेळाडूंची नावं दुसऱ्या एका कंपनीने आपल्या कार्डांवर वापरू नयेत, म्हणून रारिओ कोर्टात गेली होती. कोर्टाने मनाई हुकूम दिला नाही. खेळाडूंची नावं आणि त्यांच्या खेळाचे आकडे सर्वांना खुले आहेत, त्यावर कुणा एकाची मक्तेदारी नाही, असं म्हटलं.

हे आमच्या केशकर्तनालयात केव्हापासूनच मान्य होतं. 1 जानेवारी 2018 ला विदर्भाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या सामन्यातली रजनीश गुरबानीची हॅटट्रिक तिथे आजही फुकट मिळते. वर दाढी होईपर्यंत दोनदा ऐकवतात, आणि दुसऱ्या वेळी चेंडू जरा जास्तच स्विंग होतो. असं लेजर कुणी बनवलं नाही, कारण त्यात रोज खाडाखोड होते आणि ती सगळ्यांना हवी असते.

पोराने मात्र धीर सोडला नव्हता. दुर्मिळ वस्तूला कधी ना कधी भाव येतो, असं तो म्हणे. कार्ड त्याने स्वतःच्या डिजिटल पाकिटात हलवलं होतं. त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते हरवले तर दुसरी किल्ली कोणी देत नाही, म्हणून त्याने ते भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागे नीट लिहून ठेवले होते.

जानेवारीत आजीने जुनं कालनिर्णय रद्दीत घातलं. आता ते कार्ड खरोखरच दुर्मिळ झालं आहे.