एका गाण्याची शिफारस

आवडलेलें गाणें आपल्यापुरतें ठेवणें रसिकास जमत नाहीं. "हें अवश्य ऐका" असें तो दुसऱ्यास सांगतोच. अशाच एका शिफारशीचा धागा कोल्हापुरापर्यंत पोंचतो.

शाहू छत्रपतींच्या दरबारीं असलेल्या अल्लादियाखांसाहेबांनीं आपल्या गाण्याची ग्रामोफोन-तबकडी कधीं निघूं दिली नाहीं. त्यांची गायकी शिष्यांच्या कंठांतूनच पुढें गेली. त्यांत अग्रगण्य केसरबाई केरकर. जन्म 1892, गोव्यांतील केरी गांवीं. बालपणीं कांहीं महिने कोल्हापुरास अब्दुल करीमखां यांजपाशीं शिक्षण, आणि 1921 पासून मुंबईस खांसाहेबांची तालीम.

1977 सालीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं. त्यांवरील सुवर्णलेपित तबकडीसाठीं जगांतील 27 रचना निवडल्या गेल्या. रॉबर्ट ब्राऊन या संगीतसंशोधकानें केसरबाईंची भैरवी सुचविली. तिची तबकडी तेव्हां दुर्मिळ झाली होती. अखेर ती न्यूयॉर्कमधील एका भारतीय दुकानांत सांपडली. त्याच निवडींत चक बेरी यांचें 'जॉनी बी. गुड' हें रॉक गीत होतें. हें पोरवयाचें संगीत, असा आक्षेप ॲलन लोमॅक्स यांनीं घेतला. पृथ्वीवर पोरेंहि पुष्कळ आहेत, असें कार्ल सेगन यांनीं उत्तर दिलें. भैरवी आणि रॉक एकाच तबकडीवर राहिलीं.

दुसरें यान 5 सप्टेंबरास निघालें. 16 सप्टेंबरास केसरबाई निवर्तल्या. खांसाहेबांनीं तबकडीस नाकारलेली गायकी शिष्येच्या आवाजांत, तबकडीवरूनच, ताऱ्यांमधील अवकाशांत पोंचली आहे; कुणा एका ऐकणाऱ्यानें दुसऱ्यास नांव सुचविलें, एवढ्यामुळेंच.