कारखाना बंद पडला, आता कोनसेट कोण देणार?

मंडळी, आज निवडणूक नाही, नगरपालिका नाही. आज जुन्या मोटारसायकलच्या हँडलविषयी लिहितोय. पण विषय फिरून शेवटी सरकारच्या दारात जातोच, तेव्हा जरा धीराने वाचा.

आपल्या तालुक्यात अजून जुन्या बुलेट, येझदी, राजदूत चालतात. कुणाच्या वडिलांची निशाणी, कुणाची हौस, तर कुणाचा रोजचा दुधाचा रतीब त्याच गाडीवर. या गाडीवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. पन्नास-साठचा वेग आला की हँडल थरथरायला लागतं, पुढचं चाक नाचतं. गॅरेजच्या भाषेत, गाडी वॉबल मारते. गावातल्या रस्त्यावर हे चालून जातं. हायवेला मागून ट्रक येत असताना हँडलने झटका दिला, तर मात्र जिवाशी गाठ.

हे होतं कशामुळे? कारणं बरीच आहेत. टायरमधली हवा कमी, टायर एका बाजूने झिजलेला, रिम आउट, तारा ढिल्या, चाकाचं बेअरिंग गेलेलं, मागच्या स्विंग आर्मचे बुश खाल्लेले. जाणता मिस्त्री आधी हे सगळं बघतो आणि मग हँडलच्या मानेला हात घालतो. या मानेत वर एक आणि खाली एक अशा दोन वाट्या असतात. त्यात सुटे छर्रे ग्रीसमध्ये बसवलेले असतात आणि वरून नट कसलेला असतो. हाच कोनसेट. गाडीचं अख्खं पुढचं धूड या छर्र्यांवर वळतं.

आता गंमत बघा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा दणका छर्र्यांना त्याच जागी बसतो. ग्रीस वाळलेलं असेल तर वाटीवर छर्र्याएवढे चेप पडतात. मग हँडल मध्यावर आलं की त्या खाचेत अडकतं. घरी तपासायचं असेल तर गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि कुणाला तरी मागून दाबून पुढचं चाक उचलून धरायला सांगा. शॉकअपची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. टक-टक झालं तर नट ढिला आहे किंवा कोनसेट झिजला आहे. मग हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खाच लागली तर नट कसून काही उपयोग नाही. उलट जास्त कसला तर गाडी कमी वेगातसुद्धा सापासारखी चालते. नुसते छर्रे बदलूनही भागत नाही, वाट्यांसकट पूर्ण सेट बदलावा लागतो. जुन्या बुलेट-जावाला हँडलवर डॅम्परची गोल चकती असायची. ती आवळली की थरथर दबते. पण तो इलाज नव्हे, दुखण्यावर पांघरूण घालणं झालं.

पूर्ण सेट बदलायचा म्हणजे तो मिळायला पाहिजे. आणि तो मिळतो की नाही, हे त्या गाडीच्या इतिहासावर ठरतं.

आधी बुलेट घ्या. रॉयल एनफील्डचं मूळ इंग्लंडमधल्या रेडिचचं. गाव सुयांच्या कारखान्यांचं. सुयांवरून ही मंडळी सायकलीवर आली आणि १९०१ मध्ये मोटारसायकलवर. सायकलीचा वारसा नटबोल्टांतही राहिला. इंच मापाचे, सायकलच्या जातीचे, इंचाला २६ बारीक आटे जुन्या बुलेटवर अनेक ठिकाणी सापडतात. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफील्ड इंडिया उभी राहिली. लष्कराला, पोलिसांना दणकट गाडी हवी होती. सुरुवातीला इंग्लंडहून भाग आणून जोडणी, मग हळूहळू भाग इथेच. दुसरीकडे १९५६ मध्ये आपण मेट्रिक मापांचा कायदा केला. देश किलो-मीटरवर गेला, बुलेटचे आटे मात्र इंचातच राहिले. म्हणून जुन्या मिस्त्रींच्या पेटीत आजही दोन जातीचे पाने असतात. एमएमचा पाना इंची नटाला 'बसल्यासारखा' बसतो, जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून टाकतो.

इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० पर्यंत संपली. मद्रासची चालू राहिली, आणि १९७७ पासून तिची बुलेट इंग्लंडला निर्यात व्हायला लागली. मुळातलं डिझाइन जवळपास अर्धं शतक तेच. एकच गाडी इतकी वर्षं निघत राहिली, की तिचे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांना कायम गिऱ्हाईक मिळालं. म्हणून पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोलबागेत बुलेटचा कोनसेट आजही मागितला की समोर येतो.

जावा-येझदीचं तसं झालं नाही. आयडियल जावा कंपनीने म्हैसूरला १९६१ मध्ये चेक बनावटीवरून गाड्या काढायला सुरुवात केली. पुढे १९७३ पासून येझदी हे नाव आलं. राजदूत १७५ एस्कॉर्ट्सची, मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीचं. त्या काळी परदेशी चलन जपून वापरायचं होतं, लायसन्सशिवाय कारखाना काढता येत नव्हता. म्हणून एकदा जे डिझाइन आणलं, तेच वर्षानुवर्षं चाललं. गिऱ्हाइकाला निवड नव्हती, हा तोटा. पण गावोगावचा मिस्त्री त्या गाडीचा नट न् नट ओळखायला शिकला, हा फायदा.

१९८० च्या दशकाच्या मध्यात जपानी भागीदारीच्या शंभर सीसी गाड्या आल्या. हीरो होंडा, यामाहा आरएक्स, सुझुकी, कावासाकी. कमी पेट्रोल, कमी कटकट. लोकांनी त्या घेतल्या, यात काहीच चूक नाही. पण त्यांच्यापुढे जुन्या गाड्या टिकल्या नाहीत. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये थांबला. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं परत आली, पण गाड्या नव्या. त्यांचे भाग तुमच्या वडिलांच्या रोडकिंगला बसत नाहीत.

कारखाना बंद पडतो तेव्हा कामगारांचं काय झालं ते आम्ही छापतो, आणि ते छापलंच पाहिजे. पण रस्त्यावर असलेल्या हजारो गाड्यांचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सुरुवातीची काही वर्षं दुकानातला जुना माल पुरतो. मग भंगारातल्या गाड्यांचे भाग. मग लेथवाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी किंवा आपल्याच एमआयडीसीत नमुना दाखवला की बुश, स्पिंडल, नट करून मिळतं. या लोकांनी बंद कंपन्यांच्या गाड्या जगवल्या. त्यांचं नाव कुठल्या इतिहासात येणार नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

पण लेथची एक मर्यादा आहे. कोनसेटची वाटी नुसती मापात असून चालत नाही. पोलाद योग्य पाहिजे, त्याला नीट पाणी दिलेलं पाहिजे, वर ग्राइंडिंग झालेलं पाहिजे. मऊ लोखंडाची चकाचक वाटी बसवली की गाडी सुरुवातीला लोण्यासारखी वळते. थोड्याच दिवसांत पुन्हा चेप, पुन्हा वॉबल. म्हणून काही मिस्त्री मापात बसणारं टेपर रोलर बेअरिंग टाकतात. नीट बसवलं तर उत्तम चालतं. मात्र त्यासाठी मान मोजून, खाली-वर किती जागा उरते ते बघून काम करणारा माणूस हवा.

आता सरकारच्या दारात येऊ. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते. दुचाकीसाठी ही फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० झाली. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, तिची फी २०,००० रुपये. वर ती गाडी रोजच्या वापराला नाही. म्हणजे दूधवाल्याच्या कामाची नाही. गाडी तंदुरुस्त असल्याचं सिद्ध करणं मालकाची जबाबदारी, आणि तेही बरोबरच आहे. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. पण ती तंदुरुस्ती राखायला जो भाग लागतो, तो मिळेल हे बघायची जबाबदारी कुणाची?

केंद्राने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं घेतली. पोर्टलही सुरू झालं. चालू कंपन्यांची माहिती तिथे मिळेल. पण जी कंपनीच उरली नाही, तिच्या गाडीवाल्याने कुणाचं पान उघडायचं?

माझं म्हणणं साधं आहे. कंपनी मॉडेल बंद करते किंवा स्वतःच बंद पडते, तेव्हा निदान ब्रेक, चाक आणि हँडल या जिवाशी संबंधित भागांची मापं आणि पोलादाचा तपशील लहान उद्योजकांसाठी खुला झाला पाहिजे. हेल्मेटला १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. डोकं फुटू नये म्हणून शिक्का, आणि हँडल ज्याच्यावर वळतं त्या वाटीचं पोलाद कसलं, हे विचारायची सोय नाही, हे काही पटत नाही. आणि आपल्या आयटीआयमधल्या टर्नर-फिटरच्या पोरांना हे काम दाखवा. ट्रॅक्टर, पंप, शिलाई मशीन, सगळीकडे हीच रड आहे. कंपनी गेली, भाग नाही, मशीन भंगारात.

तोवर एवढं करा. जुनी गाडी असेल तर येत्या रविवारी पुढचं चाक उचलून हँडल फिरवून बघा. खाच लागली तर हायवेला काढू नका. आणि तालुक्यात कुणी लेथवाला वाटीला नीट पाणी देऊन कोनसेट करत असेल, तर खाली कमेंटमध्ये त्याच्या गावाचं नाव टाका. पुष्कळांना उपयोग होईल.