काचतंतू, उष्णतामान आणि ‘दोष’ ही संज्ञा

काचेच्या तंतूतून जाणाऱ्या प्रकाशावर उष्णतामानाचा परिणाम होतो, हे भौतिकशास्त्रज्ञांस नवे नाही. परंतु ज्यास आरंभी ‘दोष’ म्हटले गेले त्याच परिणामावर पुढे मापनाची एक पद्धती उभी राहिली, याकडे परिभाषेच्या अभ्यासकांनी अवश्य लक्ष द्यावे.

परिणाम किती, हे आपल्या उपनगरांवरून अजमावता येते. सांताक्रूझ वेधशाळेत 14 एप्रिल 1952 रोजी 42.2 अंश, तर 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश सेल्सिअस उष्णतामान नोंदले गेले. अंधेरी ते बोरिवली असा सुमारे 12 किलोमीटरांचा तंतू खांबांवरून उघडा नेला आहे, असे समजू. सिलिका काच एक अंश तापली की किलोमीटरमागे प्रकाशास सुमारे 37 पिकोसेकंद अधिक लागतात. तेव्हा वरील दोन दिवसांच्या प्रवासकालांत फरक पडेल तो सुमारे 15 नॅनोसेकंदांचा. सबंध प्रवास मात्र 59,000 नॅनोसेकंदांच्या आसपासचा. तंतू तापून लांबतो म्हणून हा उशीर, असे सहज वाटते. वस्तुतः लांबीची वाढ अंशामागे दहा लाखांत अर्ध्या भागाएवढीच असते. उशिराचा मोठा वाटा वक्रीभवनांकाचा. तो अंशामागे सुमारे एक लक्षांशाने वाढतो. (‘वक्रीभवन’ हा शब्द जुन्या सवयीने योजला आहे. मराठी विश्वकोशात ‘प्रणमन’ आढळते, आजच्या क्रमिक पुस्तकांत ‘अपवर्तन’. विद्यार्थ्याने कोणास शरण जावे?)

प्रारंभीच्या संशोधकांपुढे हा प्रश्न नव्हताच. कोलाडों याने पाण्याच्या धारेतून प्रकाश वळविल्याचा प्रयोग 1842 साली प्रसिद्ध केला. हॉपकिन्स व कपानी यांचा तंतुजुडग्यावरील लेख 1954 चा. प्रकाश दूरवर पोहोचतो की नाही, हीच विवंचना होती. काचेतील अशुद्धी काढल्यास तो पोहोचेल, असे काओ व हॉकहॅम यांनी 1966 साली प्रतिपादिले, आणि 1970 साली कॉर्निंगच्या प्रयोगशाळेत किलोमीटरमागे 17 डेसिबल ऱ्हासाचा तंतू तयार झाला.

1979 हे वर्ष आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी पुण्यात दूरध्वनिकेंद्रांना जोडणारी भारतातील पहिली प्रकाशतंतुवाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी हॉकर याने तंतूच्या साह्याने दाब व उष्णतामान मोजण्याविषयीचा लेख प्रसिद्ध केला. एका ठिकाणी तंतू निरोप वाहू लागला, तर दुसऱ्या ठिकाणी तो तापमापक ठरला. पुढे 1985 साली डेकिन व त्याचे सहकारी यांनी रामन परिणामाचा (1928) उपयोग केला. तंतूत सोडलेल्या स्पंदाचा अत्यल्प अंश विखुरून मागे येतो. त्यातील मूळ प्रकाशाहून कमी तरंगलांबीचा भाग उष्णतेबरोबर ठळकपणे वाढतो. त्याची अधिक तरंगलांबीच्या भागाशी तुलना केली की उष्णतामान कळते, आणि परतीस लागलेल्या वेळावरून ठिकाण. पुरलेल्या वीजवाहिनीचा कोणता भाग तापला, बोगद्यात आग कोठे लागली, हे अशा तंतूवरून सापडते.

दूरच्या दोन घड्याळांची वेळ तंतूद्वारे जुळविणाऱ्यास मात्र तोच उशीर अद्याप ‘दोष’ आहे. त्याच्या निवारणार्थ तो तंतू जमिनीत खोल पुरतो आणि उरलेला फरक यंत्राने सतत भरून काढतो.